ओठातला घट्टा

देगलूरच्या न्यू दख्खन ब्रास बँडमध्ये कुणी नवा क्लॅरोनेट शिकायला आला, की निजामोद्दीन त्याला पहिल्या दिवशी वाद्याला हातच लावू देत नसे. तो खुर्चीत बसे, खालचा ओठ अंगठ्यानं उलटा करी आणि आतला पांढरा डाग दाखवून म्हणे, "हे बघ. घट्टा. शेतकऱ्याला हाताला पडतंय, हमालाला खांद्याला पडतंय, आपल्याला इथं पडतंय. हे पडंस्तोवर सोताला वाजवणारा म्हणायचं न्हाई."

नवा माणूस देवळाच्या गाभाऱ्यात वाकून बघावं तसा ओठात बघे. डाग होताच तसा. चिंचोक्याएवढा, कडेला जरा खरबरीत, चुन्याचं बोट पुसावं तसा पांढरा. क्लॅरोनेटची पत्ती खालच्या ओठावर दाबून बसते, चाळीस वर्षं बसलेली, तेव्हा तिथं घट्टा पडणारच, असा त्याचा हिशेब. त्याला वाजवायला शिकवणाऱ्या मुज्तबा उस्तादांच्या ओठातही अस्साच होता. उस्तादांनीच त्याला तो पहिल्यांदा दाखवला होता, तेव्हा निजामोद्दीन सतरा वर्षांचा होता आणि आपल्याला तो कधी पडेल म्हणून रोज आरशात बघत होता.

आणि मधल्या सुट्टीत, म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडून त्याची मिरवणूक, परण्या, परत निघेपर्यंत, त्याच ओठात तंबाखूचा बार. पत्ती मधोमध, बार डाव्या बाजूला. दोघांचा संसार एकाच ओठात चाळीस वर्षं बिनतक्रार चालला होता.

लातूरला तो गेला तो या डागासाठी नव्हेच. वरचा पुढचा दात हलायला लागला होता, आणि वाद्याचं तोंड टेकतं ते त्याच दातावर. दात गेला तर सूर गेला. म्हणून शेषेरावला बरोबर घेऊन तो उदगीरमार्गे बसनं निघाला. शेषेराव बँडचा ढोलवाला. देगलूरजवळच्या खेड्यात त्याची पाच एकर जमीन. लग्नसराईत ढोल, बाकीच्या दिवसांत औत. बोलण्यातही ढोलच. हळू कसं बोलतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दातांच्या कॉलेजात तपासायला बसलेली मुलगी पंचविशीतली. नाव आरती, गाव शिरूर अनंतपाळ, पण बोलणं एकदम पुस्तकातलं.

"काका, दात आपण पक्का करू. पण ओठात हे किती दिवसांपासून आहे?"

"हे? हे क्लॅरोनेटच्या पत्तीचं घट्टा हाय, मॅडम. चाळीस वर्षांची कमाई."

"तुम्ही पत्ती कुठे धरता?"

"मदी."

"आणि हा डाग तर डावीकडे आहे."

निजामोद्दीननं ओठात जीभ फिरवून बघितली. "जरा डावीकडं झुकतंय माझं," तो म्हणाला.

तिनं वाद घातला नाही. हातमोज्याच्या बोटानं डाग चाचपला, घासून बघितला, निघत नाही हे पाहिलं, तंबाखूचं विचारलं. मग मास्क खाली ओढून सरळ सांगितलं, "काका, असे डाग सगळेच वाईट नसतात. पण काही पुढे कॅन्सरकडे वळतात, आणि नुसतं बघून कोणता वळणार ते सांगता येत नाही. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. दोन-तीन टाके."

"वठाचा तुकडा?"

"हो."

निजामोद्दीननं तोंड मिटलं. असं मिटलं की तिला पुढे दात दाखवायलाही तयार होईना. शेषेरावला मात्र राहवलं नाही. "ओ मॅडम, ढोल चांगला हाय का ते बघायला तुमी ढोलाचा तुकडा काढून बघता का? वाजवून बघत्यात की!"

मागं रांगेत बसलेल्या दोन बाया फिस्सकन हसल्या. आरतीही हसली. निजामोद्दीन हसला नाही. नांदेडच्या एका बँडातला तुतारीवाला त्याच्या डोळ्यांपुढं उभा होता. मोटारसायकलवरून पडून त्याचा ओठ फाटला, तीन टाके पडले. जखम भरली, पण फुंकर मारली की त्या जागेतून वारा फुस्स करून निघे. तो माणूस आता बँडवाल्यांची गाडी चालवतो. ड्रायव्हरच्या सीटवर बसून सगळ्या चाली ऐकतो.

"दुसरा काही इलाज?" त्यानं ओठ कमीत कमी हलवत विचारलं.

"इलाज नाही, काका, तपासणी आहे ही. दुसरी अशी नाही." मग ती अडखळली, आणि तिथंच तिची चूक झाली असं तिला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं. "मी एक अभ्यास करते आहे. लाळेत प्रथिनं असतात, हजारो प्रकारची. पेशी बिघडायला लागल्या की त्यातली काही वाढतात, काही कमी होतात. ती खूण पकडता येते का, ते आम्ही बघतोय. तुम्ही लाळ दिलीत तर मला मदत होईल. पण तुकड्याच्या बदल्यात नाही हं. तुकडा तपासावाच लागेल."

"थुका द्यायचा? नुसता?"

"नुसती लाळ."

"देतो की!" निजामोद्दीन म्हणाला. जीव भांड्यात पडल्यासारखा तो खुर्चीत मागं टेकला. तुकड्याचं वाक्य त्यानं ऐकलं होतं, नाही असं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला बोलावलं. अनशापोटी यायचं, चहा नाही, तंबाखू नाही, आल्यावर साध्या पाण्यानं चूळ. आरतीनं हातात नळी दिली. "थुंकायचं नाही, खाकरायचं नाही. मान खाली घाला, ओठ उघडे ठेवा, आपोआप गळू द्या."

आता ज्या माणसानं चाळीस वर्षं लाळ गळू न देण्याचीच भाकरी खाल्ली, त्याला हे कसं जमावं? वाद्यात लाळ गेली की सूर बुडबुडतो, म्हणून गिळायची, शोषायची, मागं ओढायची. निजामोद्दीन मान घालून दहा मिनिटं बसला. तोंड लिंबोणीच्या काट्यासारखं कोरडं. नळीत थेंब नाही.

काचेच्या दाराबाहेर शेषेराव येरझाऱ्या घालत होता. परण्यात बँडवाल्यांचं तोंड कसं फिरवायचं हे गावातल्या प्रत्येक वांड कार्ट्याला ठाऊक असतं. समोर उभं राहायचं आणि चिंच चोखायची. वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, सूर पिंऽऽ करून घसरतो, वऱ्हाड हसतं. शेषेरावनं आयुष्यभर अशा कार्ट्यांच्या मागं ढोलाची काठी घेऊन धाव घेतली होती. आज त्यानं स्वतः खिशातून चिंच काढली, काचेला नाक लावलं, डोळे बारीक केले आणि च्च्यॅऽक केलं.

नळी तीन मिनिटांत भरली.

"वा काका," आरती म्हणाली आणि नळी उजेडात धरली. मग तिची नजर दाराकडं गेली. शेषेरावचा चेहरा अजून आंबलेलाच होता.

"अहो, हे काय केलंत!"

"मदत केलो, मॅडम. भरली की नळी."

"भरली, पण ही चालत नाही. चिंच बघून सुटलेली लाळ पातळ असते. त्यात प्रथिनं विरळ होतात. मला आपोआप आलेलीच लागते."

"म्हंजी लाळंतबी असली-नकली असतंय?" शेषेराव थक्क झाला. "दुधावानी?"

"दुधासारखंच समजा. तुम्ही आता कँटीनला जाऊन बसा. लई शहाणपणा झाला." रागात तिच्या तोंडून शिरूर अनंतपाळ निसटलं, आणि निजामोद्दीनला त्या क्षणी ती आपल्याकडची वाटली.

तासाभरानं दुसरी नळी भरली, थेंब थेंब, शुद्ध. तिनं ती बर्फात खोचली, वर आकडा घातला. सत्तेचाळीस. नाव नाही. मग संमतीचा कागद पुन्हा वाचून दाखवला. लाळ उणे ऐंशी अंशात ठेवणार. दीडशे माणसांची जमली की एकत्र तपासणार. याचा निकाल कुणालाही वेगळा कळवणार नाही, कारण ही खूण अजून पक्की ठरलेली नाही. तंबाखू आजपासून बंद. आणि तुकडा तपासायला पंधरा दिवसांत या.

हलता दात शेजारच्या दाताला बांधून मिळाला आणि निजामोद्दीननं उर्दूत सही केली. एक एक शब्द त्याला समजला होता. पण कचेरीतला माणूस आधी नाहीच म्हणतो, हेही त्याला समजत होतं. रेशन कार्डाला नाही म्हणाले, दिलं. मिरवणुकीच्या परवान्याला नाही म्हणाले, दिला. ही पोरगी तर भली होती. वाईट काही दिसलं तर फोन करणारच. चांगलं दिसलं तरी करील. फोन नंबर लिहून घेतलाय की.

देगलूरला उतरल्यावर तो घरी न जाता गावाबाहेरच्या दर्ग्यात गेला आणि मन्नत मागितली. लातूरहून साफ जवाब आला की पहिली चाल दर्ग्यात वाजवीन, तोवर क्लॅरोनेट ओठाला लावणार नाही.

घरी हे ऐकून बायकोनं, हुसेनबीनं, पोळपाटावरचा हात थांबवला. "और तंबाखू?"

"तंबाखूचा काय संबंध इथं?"

"मॅडमनं बंद कर म्हणली ना जी? मन्नत मांगायची तर तंबाखूची मांगायची. ते बिचारं बाजा काय केलं तुमचं?"

निजामोद्दीननं चार दिवस तंबाखू सोडलीसुद्धा. पाचव्या दिवशी बँड त्याच्याविना परण्याला गेला आणि त्यानं गुपचूप चिमूट मळली.

मग सराई आली. रोज कुठं ना कुठं ढोल वाजे. त्याच्या जागी बिलोलीकडचा एक वाजवणारा घेतला होता. गल्लीच्या टोकावरून वरात गेली की निजामोद्दीन उंबऱ्यात येऊन बसे. सूर ऐकू येण्याच्या आधीच त्याची बोटं मांडीवर चालू होत. बिलोलीवाला घाई करी. सूर वर नेऊन लगेच सोडून देई, जसा हातातला गरम कप ठेवावा. "थांब ना रे," निजामोद्दीन उंबऱ्यातून पुटपुटे, "थांब, जरा थांब तिथं." वरात वळणावरून पुढं जाई. नुसता ढोल उरे. मग तोही नाही. मांडीवरची बोटं मात्र चाल पुरी करूनच थांबत.

दुपारी घरात कुणी नसलं की तो पेटी उघडी. वाजवायचं नाही, ओठाला लावायचं नाही, पण बघायला मन्नतीत कुठं मनाई होती? काळं लाकूड, पितळी चाव्या, आणि आत चाळीस वर्षांच्या श्वासांचा एक ओलसर, आंबूस वास. तो वास तो डोळे मिटून घेई. खालच्या पट्टीतला एक सूर होता, पहाटे नदीवरून म्हैस पाण्यात उतरावी तसा, जाड, सावकाश. तो सूर छातीत आधी उठायचा आणि मग लाकडात जायचा. आता छातीत उठायचा आणि तिथंच फिरत राहायचा. त्याला वाटे, माझी लाळ तिकडं लातूरला बर्फात गोठून बसलीय आणि मी इकडं. त्या लाळेला माझ्या आत काय दिसलंय कोण जाणे. सत्तेचाळीस नंबर, बोल की.

फोन वाजला की तो धावे. एकदा विम्यावाली, एकदा चुकीचा नंबर, तीन वेळा लेक आलिया उदगीरहून. "अब्बा, तुम्ही मला बघून एवढे नाराज का होता?" चौथ्यांदा तिनं विचारलंच. "बघून कुठं," तो म्हणाला, "ऐकून." आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आरतीचे फोनही आले होते, दोनदा. "काका, तुकड्यासाठी कधी येता?" तो विचारी, "जवाब आला का?" ती म्हणे, "काका, त्याचा जवाब नसतो, मी सांगितलं होतं." तो म्हणे, "बरं, बरं, सवडीनं." आणि फोन ठेवून हुसेनबीला सांगे, अजून आला न्हाई.

एप्रिलअखेर एका सकाळी शेषेराव आला. सराईत दोन दिवसांचा खाडा होता. चहा पीत त्यानं दोन्ही तळवे पुढं पसरले.

"बघ गड्या. हरभरा निघाल्यापासून औताला हात न्हाई. कसं मऊ झालंय! बायको म्हणली, कुणाचा हात लागला म्हणून दचकले."

हुसेनबी पदराआड हसली.

"ढोलाच्या काठीचा तेवढा हाय बघ हितं," शेषेराव बोटाच्या पेरावर दाखवत म्हणाला. "बाकी सगळे उतरले. काम थांबलं की घट्टा उतरतोय. तुझं दाखव." त्यानं निजामोद्दीनचा उजवा हात ओढला. क्लॅरोनेटचं सगळं वजन उजव्या अंगठ्यावर असतं. त्या अंगठ्याच्या बाजूला खडा बसवल्यासारखा घट्टा होता, चाळीस वर्षांचा. शेषेरावनं बोट फिरवलं. "आयला, तुझाबी उतरला की! लोणी!"

निजामोद्दीननं अंगठा बघितला. खरंच नव्हता. नुसती जराशी तांबूस, नवी कातडी.

तो उठला, आतल्या आरशासमोर गेला आणि ओठ उलटा केला.

डाग होता. तीन महिने पत्ती लागली नव्हती, वारा लागला नव्हता, तरी तिथंच होता, तेवढाच पांढरा. तेवढाच नाही. डाव्या कडेला मोहरीएवढा लाल कण होता, तो आधी नव्हता. आणि त्या कडेला सकाळच्या चिमटीतली तंबाखूची एक काडी अजून चिकटलेली होती.

त्याला मुज्तबा उस्ताद आठवले. शेवटची दोन वर्षं उस्तादांनी वाद्य हातात धरलं नव्हतं, तोंड बोटभरच उघडत होतं. चमच्यानं पेज भरवताना त्यानं स्वतः पाहिलं होतं, तो घट्टा तेव्हाही ओठात होता. मोठा झाला होता. लोक म्हणाले, नजर लागली. तोही तेच म्हणाला होता. दोन वर्षं पत्ती न लागलेल्या ओठात घट्टा कसा, हे तिथं बसलेल्या एकाही वाजवणाऱ्याला सुचलं नव्हतं.

तो बाहेर आला आणि फोन उचलला.

"मॅडम, सत्तेचाळीस नंबर बोलतोय."

"काका! बोला."

"जवाब तुमचा न्हाई आला. माझा आला. अंगठ्याचा गेला, मॅडम. वठाचा न्हाई गेला. आन एक लाल दाणा आलाय."

पलीकडं पुस्तकातली सगळी भाषा सोडून ती म्हणाली, "काका, उद्या या. उद्याच या, मी हाय."

हुसेनबी दारात उभी होती. त्यानं खिशातली पुडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उंबऱ्याबाहेर फेकली नाही, चुलीत टाकली, आणि वास घरभर झाला तेव्हा म्हणाली, "तीन महिने बिचाऱ्या बाजाला सजा."

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊनच लातूरला उतरला. आरतीनं डाग पाहिला, लाल कणाजवळ थांबली, चेहरा जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. "तुकडा आज अकराला घेऊ. भूल देऊन. दुखणार नाही."

"वाजवता येईल का नंतर?"

"टाके सुटेपर्यंत नाही. त्याच्या पुढचं आत काय निघतं त्यावर. खोटं नाही सांगत."

"मग आधी एकदा वाजवतो."

"आणि मन्नत?" शेषेरावनं विचारलं.

"मन्नतीचं मी बघून घेतो."

ओपीडीत शक्य नव्हतं. तिनं मागच्या जिन्याखाली जागा दाखवली, जिथं पाण्याच्या रिकाम्या टाक्या होत्या. निजामोद्दीननं पत्ती तोंडात धरून भिजवली. तोंड कोरडंच होतं, वेळ लागला. मग दात, ओठ, श्वास. पहिला सूर फाटला. दुसराही. तीन महिन्यांत ओठ परक्याचा झाला होता. शेषेराव जिन्याच्या पायरीवर बोटांनी हलकेच ठेका धरून बसला, आयुष्यात पहिल्यांदा हलका.

चौथ्या की पाचव्या वेळी खालच्या पट्टीतला तो सूर आला. टाक्यांमधून घुमून परत आला, दुप्पट जाड होऊन. जिन्यावरून उतरणारी एक नर्स थबकली. आरती भिंतीला टेकून उभी राहिली. निजामोद्दीननं एक जुनी चाल उचलली, सावकाश वर नेली, जिथं थांबायचं तिथं थांबला, आणि परत उतरायच्या वळणावर त्यानं पत्ती ओठातून काढली.

ठेका दोन मात्रा तसाच पुढं गेला. "काय झालं?" शेषेराव म्हणाला. "दमलास? अर्धं राहिलं की."

"राहू दे." निजामोद्दीन वाद्य फडक्यानं पुसत होता, आतून, बाहेरून, घाई न करता. "पुरं केलं तर चालीकडं परत कशाला येऊ?"

त्यानं पेटी शेषेरावच्या मांडीवर ठेवली. आरती पुढं झाली, तो तिच्या मागून निघाला. खुर्चीत बसल्यावर तिनं सांगायच्या आधीच त्यानं डोकं मागं टेकवलं. भुलीची सुई लागली, आणि हळूहळू खालचा ओठ आहे की नाही हेच कळेनासं झालं. बाहेर पायरीवर शेषेराव ती अर्धी चाल तोंडानं म्हणत बसला होता, चुकीच्या सुरात, आणि निजामोद्दीन बधिर ओठानं आतल्या आत ती दुरुस्त करत होता.